जपानी आयरिस तिसऱ्या वर्षी का खंगतं आणि त्याला परत कसं फुलवायचं

प्रश्न थोडक्यात असा: घरच्या बागेत तीन वर्षांपूर्वी जपानी आयरिसची पाच रोपं लावली. दुसऱ्या वर्षी ताटलीएवढी फुलं आली. या वर्षी जेमतेम तीन-चार फुलं आली, तीही लहान. पानं पिवळट आहेत, बेटाच्या मधोमध पोकळी पडली आहे आणि गड्डे मातीबाहेर उघडे दिसतात. ‘हे पाण्यातलं झाड’ असं वाचल्यामुळे वाफ्यात बारा महिने पाणी साठवून ठेवलंय आणि दरवर्षी राख व बोनमील (हाडांची भुकटी) घातलंय. काय चुकलं, आणि झाडं वाचतील का?

वाचतील. बेटाच्या कडेला टणक, हिरवे फुटवे आहेत तोवर हे झाड हातचं गेलेलं नसतं. पण वर काय शिंपडावं याचा विचार आत्ता नको. आधी या झाडाची मुळं कशी वाढतात ते पाहू. लागवडीची खोली, पाणी, खत, बेट फोडण्याची वेळ हे सगळं त्या एका गोष्टीवर ठरतं.

जपानी आयरिसची मुळं वर्षानुवर्षं टिकत नाहीत. दरवर्षी फुलोऱ्याच्या सुमारास आणि त्यानंतर गड्ड्याला, म्हणजे जमिनीतल्या आडव्या जाड खोडाला, नवी मुळं फुटतात, आणि ती जुन्या मुळांच्या वरच्या बाजूला फुटतात. खालची जुनी मुळं हळूहळू मरतात. त्यामुळे झाड दरसाल थोडं थोडं वर चढत जातं. तीन-चार वर्षांचं बेट उपटून बघितलं की हे मजल्यांसारखं स्पष्ट दिसतं. सगळ्यात वर पांढरी, रसरशीत, दोऱ्यापेक्षा जाड मुळं. त्याखाली तपकिरी मुळांचा जुडगा. त्यातलं एखादं चिमटीत धरून ओढलं तर साल सरकन निघून येते आणि हातात नुसता धागा उरतो. तळाशी गड्ड्याचा काळा, वाळक्या लाकडासारखा भाग. तुमचे गड्डे मातीबाहेर आले ते याच चढणीमुळे. आता नवी मुळं फुटायच्या जागी मातीच नाही. ती हवेत फुटतात, टोकं सुकतात आणि झाड मरणाऱ्या जुन्या मुळांवर कसंबसं तगतं. मधली पोकळी त्याचीच खूण: मधले फुटवे सगळ्यात जुने, ते आधी संपतात.

म्हणून जपानी आयरिस दर तीन वर्षांनी, फार तर चौथ्या वर्षी, उपटून फोडून परत लावावं लागतं. हे काम टाळून चालत नाही. दाढीवालं आयरिस, म्हणजे ज्याच्या खालच्या पाकळीवर केसांचा पट्टा असतो ते, गड्डा उन्हात उघडा ठेवून लावतात. तीच सवय इथे वापरली जाते आणि नुकसान होतं. जपानी आयरिसचा गड्डा मातीखाली 5 ते 7 सेंटिमीटर गाडायचा असतो. त्या खोलीमुळेच झाडाला वर चढायला दोन-तीन वर्षांची माती मिळते.

बेट फोडायला सर्वांत चांगली वेळ म्हणजे फुलं संपल्यावर लगेचचे दोन-तीन आठवडे. जपानमध्ये हे काम जून-जुलैत उरकतात, कारण त्याच वेळी नवी मुळं जोमात निघत असतात. जिथे फुलोऱ्यानंतर कडक ऊन आणि कोरडी हवा असते, तिथे उष्मा उतरेपर्यंत थांबून शरद ऋतूच्या सुरुवातीला फोडलेलं बरं. मात्र जमीन गोठायच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी रोपं मातीत गेली पाहिजेत. उशिरा लावलेली रोपं मुळं धरत नाहीत, आणि माती गोठून-वितळून फुगली की ती सरळ वर उचलली जातात. वसंतात सकाळी बघावं तर रोप मातीवर आडवं पडलेलं.

आदल्या दिवशी वाफा भरपूर भिजवा. पानं 15 ते 20 सेंटिमीटर उंचीवर कापा, कारण मुळं तुटल्यावर एवढ्या पानांना पाणी पुरवणं झाडाला झेपत नाही. बेटाभोवती वीतभर अंतर सोडून बागेचा काटा किंवा फावडं सरळ खाली दाबा आणि पूर्ण बेट मातीसकट उचला. नळाच्या धारेखाली धरून माती धुऊन काढा. धुतल्याशिवाय कुठे कापायचं ते दिसत नाही, आणि अंदाजानं कापलं की चांगले फुटवे दुभंगतात. आता दोन्ही हातांनी ओढून बेट जिथे सहज सुटतं तिथे सोडवा. जिथे अडतं तिथेच धारदार चाकू वापरा. एका ठोंबात, म्हणजे सोडवलेल्या तुकड्यात, दोन ते चार फुटवे ठेवा. एकेकटा फुटवासुद्धा जगतो, पण त्याला फुलायला एक वर्ष जास्त लागतं. यंदा ज्यावर फुलदांडा आला तो फुटवा परत फुलणार नाही. त्याच्या बाजूला निघालेले कोवळे फुटवे पुढच्या वर्षीचं फूल देणारे आहेत, तेव्हा प्रत्येक ठोंबात ते आहेत ना हे पाहून घ्या. मधला काळा, पोकळ भाग आणि मेलेली तपकिरी मुळं काढून टाका. मऊ पडलेला, वास मारणारा गड्डा दिसला तर घट्ट भागापर्यंत कापा आणि चाकू स्पिरिटनं पुसून मगच पुढच्या ठोंबाला लावा.

मुळं हवेत सुकू देऊ नका. या एका चुकीनं जितकी रोपं जातात तितकी किडीनं जात नाहीत. फोडलेले ठोंब पाण्याच्या बादलीत ठेवा आणि एकेक काढून लावा. लावायला उशीर होणार असेल तर रात्रभर बादलीतच राहू द्या, चालतं.

खड्डा कुदळीच्या पात्याएवढा रुंद घ्या. मध्ये मातीचा छोटा उंचवटा करून त्यावर ठोंब बसवा, मुळं चारी बाजूंनी खाली पसरवा, आणि पानांचा पांढरा बुडखा जिथे हिरवा व्हायला लागतो तिथवर माती भरा. दोन ठोंबांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर ठेवा. रोपाभोवतीची माती आजूबाजूच्या पातळीपेक्षा दोन-तीन बोटं खाली राहील असं उथळ आळं ठेवलं, तर पाणी मुळापाशी जिरतं. शिवाय पुढच्या वर्षी झाड वर चढलं की त्या आळ्यात कंपोस्टची भर घालता येते. भर घालून एखादं वर्ष जास्त काढता येतं, पण बेट फोडण्याला तो पर्याय नव्हे.

आता जागा. जुन्याच मातीत परत लावू नका. जपानी आयरिस जिथे तीन-चार वर्षं वाढलं त्याच मातीत पुन्हा जपानी आयरिस लावलं की ते खुरटतं. जपानी माळी याला ‘इयाची’ म्हणतात, म्हणजे झाडाला नकोशी झालेली जमीन. खत-पाणी कितीही द्या, रोप जागचं हलत नाही, आणि मग माणूस खत वाढवत बसतो. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं दुसरं काही लावा. डे-लिली, होस्टा, काहीही चालेल. जागाच नसेल तर 30 सेंटिमीटर खोलपर्यंतची माती काढून बागेतल्या दुसऱ्या वाफ्यातल्या मातीशी अदलाबदल करा. कष्टाचं काम आहे, पण छोट्या बागेत याला सोपा उपाय नाही.

नव्या जागी रोज किमान सहा तास ऊन हवं. सावलीत पानं लांब आणि लोंबती होतात, फुलं कमी येतात. खूप उष्ण भागात दुपारी तीननंतर हलकी सावली मिळाली तर जांभळ्या-निळ्या फुलांचा रंग फिका पडत नाही, तेवढी सवलत द्यावी. मोठ्या झाडाच्या मुळांच्या टापूत मात्र लावू नका. पाण्याच्या चढाओढीत आयरिस हरतं.

पाण्याबद्दलचा गैरसमज समजण्यासारखा आहे. जपानमधल्या प्रसिद्ध बागांचे फोटो पाहिले, तोक्योमधली होरिकिरीची आयरिस बाग किंवा मेइजी मंदिराच्या आतली बाग, तर झाडं पाण्यात उभी दिसतात. फोटो फुलोऱ्याच्या दिवसांतले असतात. अशा बागा भातखाचरासारख्या असतात. फुलायच्या सुमारास पाणी सोडतात आणि नंतर ते काढून घेतात. या झाडाचं रानातलं रूप जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या ओलसर गवताळ माळांवर उगवतं. तिथे वसंत-उन्हाळ्यात जमीन चिंब असते, पण मुळं कायम तुंबलेल्या पाण्यात नसतात. मुळांना प्राणवायू लागतो. साचलेलं पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो आणि गड्डा कुजतो. हिवाळ्यात झाड झोपलेलं असताना पाणी साचलं की तेच होतं, आणि वर बर्फ धरला तर बुडखा फुटतो.

तेव्हा असं करा: वसंतात कोंब वर आल्यापासून फुलं संपेपर्यंत मातीला वाळू देऊ नका. आठवड्याला किमान 25 मिलिमीटर पाणी, म्हणजे एका चौरस मीटरला 25 लिटर, पाऊस धरून. कळ्या फुगू लागल्या की हे दुप्पट करा. फुलाचा आकार या तीन-चार आठवड्यांतल्या पाण्यावर ठरतो. पाणी कमी पडलं तर फुलदांडा आखूड राहतो आणि फूल पानांतच अडकतं. या काळात बुडाशी दोन-तीन बोटं पाणी उभं राहिलं तरी हरकत नाही. फुलोरा संपला की पाणी एकदम तोडू नका, कारण पुढच्या वर्षीचे फुटवे आणि नवी मुळं आत्ता घडतात. पण साठा सोडून द्या. माती दाबून पिळलेल्या फडक्याएवढी ओलसर राहिली की पुरे. पानं पिवळी पडून झोपायला लागली की निचरा हवा. नुकतं फोडून लावलेलं रोप याला अपवाद. त्याची माती पहिला संपूर्ण हंगाम कधीच कोरडी पडता कामा नये.

आता राख आणि बोनमील. तुमच्या पिवळ्या पानांचं मुख्य कारण हेच असावं. जपानी आयरिसला आम्लधर्मी माती लागते: सामू (pH) 5.5 ते 6.5. चुना याला अजिबात सोसत नाही. लाकडाची राख सामू वाढवते, बोनमीलमध्येही भरपूर कॅल्शियम असतं, आणि नळाचं किंवा विहिरीचं पाणी जड असेल तर प्रत्येक पाणी देण्यासोबत थोडा चुना मातीत जातो. सामू वाढला की मातीतलं लोह झाडाला मिळेनासं होतं. पान नीट बघा. कोवळी पानं पिवळी किंवा जवळजवळ पांढरी, उभ्या शिरा मात्र हिरव्या, आणि बुडची जुनी पानं त्या मानानं बरी, असं असेल तर ती लोहाची कमतरता. उलट जुनी पानं आधी पिवळी आणि पूर्ण रोपच फिकट असेल तर नत्र कमी आहे. सगळं रोप मरगळलेलं आणि बुडखा मऊ असेल तर कुज. तिन्हीचे उपाय वेगळे, म्हणून आधी निदान.

सामू मोजायला कागदी पट्टी किंवा साधं किट पुरेसं आहे. त्याआधी एक सोपी कसोटी: चमचाभर वाळलेल्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे, आणि मग गंधक घालून उपयोग नाही. चुना ते गिळून टाकतो. अशा जमिनीत कुंडी किंवा बाहेरून आणलेल्या मातीचा उंच वाफा हाच मार्ग. फसफसलं नाही आणि सामू 7 च्या आसपास असेल तर मध्यम पोताच्या मातीत सामू एकाने उतरवायला चौरस मीटरला साधारण 75 ते 100 ग्रॅम गंधक भुकटी लागते, रेताड मातीत त्याच्या निम्मी. गंधकाचं आम्ल करतात ते मातीतले जिवाणू, त्यामुळे परिणाम दिसायला काही महिने जातात आणि थंड मातीत ते काम थांबतं. म्हणून लागवडीआधीच्या हंगामात घाला. घाईनं दुप्पट मात्रा घातली तर मुळं भाजतात.

तोवर पिवळ्या पानांना तात्पुरता आधार म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, द्यायचं असेल तर डब्यावरची अक्षरं वाचा. ‘ईडीटीए’ प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ‘ईडीडीएचए’ प्रकारचं टिकतं. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

माती हलकी आम्लधर्मी, ओल धरणारी आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेली हवी. 30 सेंटिमीटर खोल खणून त्यात मातीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकं मुरलेलं कंपोस्ट किंवा कुजलेल्या पानांचं खत मिसळा. चिकण माती याला चालते, ती ओल धरते. फक्त वाफसा आल्यावरच काम करा, ओल्या चिकणमातीत पाय दिलात तर ती विटेसारखी बसते. रेताड मातीत कंपोस्ट जास्त घाला. मशरूमच्या वाफ्यातलं टाकाऊ कंपोस्ट टाळा, त्यात बहुतेक वेळा चुना असतो. ताजं शेणखत मुळांना लागू देऊ नका.

खादाड झाड आहे हे खरं, पण लागवडीच्या खड्ड्यात रासायनिक खत घालायचं नाही. तुटलेल्या मुळांना ते पोळतं. रोपानं जीव धरला, नवं पान निघालं, की पहिलं हलकं खत. जम बसलेल्या बेटाला वर्षातून दोन हप्ते पुरतात: एक वसंतात कोंब वीतभर झाले की, दुसरा फुलं संपल्यावर. अझेलिया-कॅमेलियासाठी मिळणारं आम्लधर्मी खत सर्वांत योग्य. ते नसेल तर 10-10-10 चं (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी 10 टक्के) दाणेदार खत, मोठ्या बेटाला प्रत्येक हप्त्याला 30 ते 50 ग्रॅम, बुडख्यापासून वीतभर लांब गोलाकार टाकून मातीत मिसळून लगेच पाणी. दाणे पंख्यासारख्या पानांच्या बेचक्यात अडकले तर तिथून कूज सुरू होते. वरून फवारा मारून धुऊन टाका. फुलोऱ्यानंतरचा हप्ता बरेच जण विसरतात, कारण तेव्हा फूल डोळ्यांसमोर नसतं. पण पुढच्या वर्षीचं फूल त्याच हप्त्यावर पोसतं. शरदात उशिरा नत्र देऊ नका, कोवळी वाढ थंडीत मरते.

आच्छादन याला मनापासून मानवतं. पाइनच्या सुया, गवताचा भुस्सा, पानखत, जे असेल त्याचा 5 ते 7 सेंटिमीटर थर द्या. दाढीवाल्या आयरिसला आच्छादनानं कूज लागते; इथे ओल टिकते, तण दबतं आणि वर चढणाऱ्या मुळांना अंगावर पांघरूण मिळतं. नव्या लागवडीला पहिल्या हिवाळ्यात हा थर थोडा जाड ठेवा म्हणजे माती फुगून रोप उचललं जाणार नाही.

एक खात्री करून घ्या: तुमच्याकडे आहे ते खरोखर जपानी आयरिस, म्हणजे आयरिस एन्साटा (जुन्या कॅटलॉगमध्ये आयरिस केम्फेरी) आहे ना? कारण ‘पाण्यातलं आयरिस’ म्हणून जे विकतात ते पुष्कळदा आयरिस लीव्हिगाटा, जपानी नाव काकित्सुबाता, असतं. पानावरून बोट आडवं फिरवा. मध्ये ठळक उंच शीर हाताला लागली तर एन्साटा. पान सपाट, गुळगुळीत असेल तर लीव्हिगाटा, आणि ते मात्र बारा महिने पाण्यात सुखानं राहतं. पिवळ्या फुलांच्या आयरिस स्यूडॅकोरसलाही मधली शीर असते, पण फूल पाहिलं की घोटाळा मिटतो. फुलाच्या खालच्या पाकळीचं मूळही सांगतं: एन्साटाला पिवळी खूण, लीव्हिगाटाला पांढरी रेघ, आणि जपानी ज्याला आयामे म्हणतात त्या आयरिस सँग्विनियाला जाळीदार नक्षी. जपानी नाव हानाशोबू. शोबू म्हणजे आपलं वेखंड. पानं वेखंडासारखी आणि वर फूल, म्हणून ‘फुलवालं वेखंड’. गंमत अशी की दोघांचं कूळ वेगळं, साम्य फक्त पानांचं.

जात निवडताना नुसत्या फोटोवर जाऊ नका. जपानमध्ये तीन मोठ्या परंपरा घडल्या आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी बघायच्या म्हणून घडल्या. एदो, म्हणजे आजच्या तोक्योच्या, परंपरेची झाडं बागेत रांगेनं लावून चालता चालता बघायची. दांडे उंच आणि ताठ, फूल वाऱ्या-पावसाला तोंड देणारं. मात्सुदाइरा सादातोमो (1773 ते 1856) या एदोच्या सरदारानं आयुष्यातली अनेक दशकं या फुलाच्या नव्या जाती घडवण्यात घालवली. ‘उचू’, म्हणजे विश्व, ही त्यांची जात आजही लावली जाते. त्यांच्याकडची रोपं कुमामोतोला गेली आणि तिथे हिगो परंपरा वाढली: प्रचंड, भरगच्च, बहुधा सहा पाकळ्यांची फुलं, कुंडीत वाढवून ऐन फुलात घरात आणून बसून बघायची. इसे परंपरेची फुलं तीन पाकळ्यांची, क्रेपच्या कापडासारखी चुरगळलेली, खाली झुकलेली. याचा व्यवहारी अर्थ सरळ आहे. उघड्या वाफ्यात, जिथे फुलोऱ्यात पाऊस येतो, तिथे हिगोचं फूल भिजून ओलं फडकं होतं आणि दांडा वाकतो. घरच्या बागेत सुरुवात एदो जातींनी किंवा ‘रोज क्वीन’सारख्या साध्या तीन पाकळ्यांच्या, काटक जातीनं करा. फुलं नसतानाही वाफा शोभावा असं वाटत असेल तर पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचं ‘व्हेरिगाटा’ घ्या.

शुद्ध पिवळं जपानी आयरिस नसतं. ‘आइची नो कागायाकी’सारखी पिवळी झाडं स्यूडॅकोरसशी संकर करून आलेली आहेत.

हवामानाची मर्यादा सांगायला हवी. हे झाड कडक हिवाळे आरामात काढतं. पण जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे पानं वाढतात आणि फुलण्याचा भरवसा राहत नाही, कारण याला थंडीची विश्रांती लागते. अशा ठिकाणी ओल आवडणारं आयरिसच हवं असेल तर लुइझियाना आयरिस लावा, ते उष्णतेत रमतं.

किडींपैकी तुम्हाला भेटतील ते फुलकिडे. डोळ्यांना सहज न दिसणारे हे किडे पानांच्या जोडाच्या आत बसून रस खरवडतात. दोन पानं अलगद फाकवून आत बघा: गंजासारखे तपकिरी ओरखडे आणि बारीक काळे ठिपके दिसले की तेच. कोरड्या, तहानलेल्या वाफ्यात ते जास्त होतात. पाण्याची जोरदार फवारणी, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण, आठवड्याच्या अंतरानं तीनदा, संध्याकाळी, बेचक्यात पोचेल असं. कोवळ्या कोंबांना गोगलगाई खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. उत्तर अमेरिकेत आयरिस बोअरर ही अळी मोठी शत्रू आहे. पतंग शरदात वाळक्या पानांवर अंडी घालतो, वसंतात अळी पानात शिरते आणि पोखरत गड्ड्यापर्यंत जाते. पानावर ओलसर, कुरतडलेली रेघ दिसली तर ती दोन बोटांत वरून खाली दाबत न्या, अळी आतच चिरडते. फुलकिडे आणि बोअरर दोन्हींवरचा मोठा इलाज शरदातली सफाई आहे: पानं पूर्ण तपकिरी झाली की जमिनीपासून 5 सेंटिमीटर ठेवून कापा आणि तो पालापाचोळा कंपोस्टात न टाकता बागेबाहेर काढा. हिरवी पानं मात्र कापू नका, ती गड्ड्यात अन्न भरत असतात.

कुंडीत वाढवायचं तर 18 ते 20 सेंटिमीटरची कुंडी, एक ठोंब, चुना नसलेली माती, आणि दरवर्षी किंवा फार तर एका वर्षाआड नव्या मातीत बदल. वर चढणाऱ्या मुळांना कुंडीत जागा लवकर संपते, इयाचीही लवकर येते. कळ्या दिसल्यापासून फुलं संपेपर्यंत कुंडी दोन-तीन सेंटिमीटर पाण्याच्या ताटलीत ठेवा, नंतर ताटली काढून घ्या.

फूल साधारण तीन दिवस टिकतं आणि बऱ्याच जातींत दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा मोठं आणि अधिक पसरलेलं असतं, तेव्हा उमलताना खुडायची घाई नको. एका दांड्यावर दोन-तीन कळ्या एकामागून एक उमलतात. सुकलेलं फूल खालच्या फुगीर बीजकोशासकट काढा, पण शेजारची कळी त्याच आवरणात असते, ती तुटणार नाही हे पाहून. सगळ्या कळ्या संपल्या की दांडा बुडातून कापा. बीजकोश ठेवलात तर झाडाची ताकद तिकडे जाते आणि बी वाफ्यात पडून वेगळ्याच रंगाची रोपं बेटात मिसळतात. दोन वर्षांनी तुमची जात कुठली आणि बियांचं रोप कुठलं हे ओळखता येत नाही. मुद्दाम बी करायचंच असेल तर एखादाच कोश राखा. तो शरदात तपकिरी होऊन टोकाला फाटू लागला की बी काढून कुंडीत एक सेंटिमीटर खोल पेरा आणि हिवाळाभर बाहेर थंडीत ठेवा. त्या थंडीशिवाय बी नीट उगवत नाही. वसंतात गवतासारखे कोंब येतील. फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, आणि ते आईसारखं असेलच असं नाही.

तुमच्या पाच बेटांतून या वेळी पंधरा-वीस ठोंब सहज निघतील. फोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी फुलं थोडीच येतील, कदाचित काहींना येणारही नाहीत. एकट्या फुटव्याच्या रोपावर कळी आलीच तर ती खुडून टाका. ताकद मुळांत जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी बेट भरेल, तिसऱ्या वर्षी ते ऐन बहरात असेल. त्या बहरातच दिवस ठरवून ठेवा, कारण फुलं उतरली की लगेच पुन्हा काटा घेऊन वाफ्यात उतरायचं आहे. आणि जातीच्या नावाची पट्टी ठोंबाच्या बुडाशी घट्ट खोचून ठेवा. हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही, आणि वसंतात माती उकरताना झोपलेल्या कोंबावर खुरपं बसतं ते याच कारणानं.